मायाला कळवलं का?

दादा,

तू गेलास, हे वाक्य मी अजून एकदाही माझ्या तोंडाने म्हटलेलं नाही. फोन वाजला की रिसीव्हर शरदच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहते. तो सांगतो. पलीकडच्याला खरं वाटत नाही, मग तो पुन्हा सांगतो. माझा नवरा डॉक्टर, त्याला अशा बातम्या द्यायची सवय आहे म्हणे. मला नाही, आणि मला ती लावून घ्यायचीही नाही.

आईला सुद्धा त्यानेच सांगितलं. साताऱ्याला शेजारच्या देवांकडे फोन लावला, आईला बोलावून आणलं, देवकाका तिच्या शेजारी उभे राहिले आणि मग शरद बोलला. नंतर मी फोन घेतला. वाटलं, आई हंबरडा फोडेल. ती रडलीच नाही. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग तिने विचारलं, "सुमन, मायाला कळवलं का?"

मी म्हटलं, "हो."

दादा, मी हो म्हटलं! तुला हसू येतंय ना? ये, हास. तुझ्या थट्टेचं लफडं माझ्या गळ्यात टाकून तू निघून गेलास, आणि आता आई रोज सकाळी देवांच्या ओसरीवर बसून विचारतेय, की मायाचं पत्र येईल का, माया एकटीच राहते की घरच्यांबरोबर, तिच्याजवळ कोणी आहे ना. देवकाकांनी तसं कळवलंय. मला तिला खरं सांगायचंय आणि ते कसं सांगायचं ते तुला विचारायचंय. सवयच आहे ना, अडलं की तुला विचारायची.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. मी काहीही सांगायला लागले की तू मध्ये तोंड घालून गोष्ट बिघडवायचास. आता बोल बघू मध्ये.

चूक तुझी होती. दिवाळीनंतर तू आईला ते निळं एअरोग्रॅम लिहिलंस. पोस्टाच्या त्या एका कागदात तुला सगळं जग कोंबायचं असायचं. पगारवाढ, गाडीचा ब्रेक, माझी सर्दी, सगळं लिहून झाल्यावर घडीच्या कडेला बोटभर जागा उरली. तिथे तू लिहिलंस, "नाताळच्या सुट्टीत सुमीला घेऊन माया बघायला जातोय. बरेच दिवस मनात होतं, आता ठरवलंच." जागा संपली. माया म्हणजे मध्य अमेरिकेतले जुने लोक, त्यांनी बांधलेली देवळं जंगलात पडून आहेत, ती बघायला आपण बेलीझला चाललोय, हे लिहायला जागाच नव्हती. चाळिशीला आलेला बिनलग्नाचा मुलगा बहिणीला बरोबर घेऊन कुणालातरी 'बघायला' जातोय असं कळवतो, तेव्हा साताऱ्यात त्याचा अर्थ एकच होतो. तुला साधं हे सुचू नये?

आईचं उत्तर आपण निघायच्या दोन दिवस आधी आलं. तू ते माझ्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलंस. "सुमीला घेऊन जातोयस हे उत्तम केलंस. बाईमाणूस बरोबर असावं. माया कुठली, घरी कोण कोण, काही विचारत नाही. पत्रिकाही बघणार नाही. जातसुद्धा विचारत नाही, श्री. तुला आवडली म्हणजे झालं." मी हसून हसून खुर्चीत बसले. तूही हसत होतास. मग ते शेवटचं वाक्य तू पुन्हा वाचलंस, आणि कागद घडी करून खिशात घातलास. मी तुझ्याकडे बघितलं होतं, दादा. बघूनही मी तुला जेवायला वाढायला घेतलं.

शरदला त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या ड्युट्या होत्या, म्हणून आपण दोघंच गेलो. बाहेर बर्फाचा चिखल होता आणि चार-पाच तासांत आपण घामाने निथळत त्या छोट्याशा विमानतळावर उभे होतो. तू स्वेटर काढून कमरेला बांधलास आणि म्हणालास, "सुमे, वास बघ. ओल्या मातीचा वास आहे. अमेरिकेला वासच नाही यार, आपण दोघांनी नाक फुकट वागवलं इतकी वर्षं." मी म्हटलं, तुझं नाक नेहमीच फुकट होतं, तुला करपलेलंही कळत नाही.

समुद्रात मला उतरायचंच नव्हतं. मला पोहता येत नाही. तू विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलास, मला मुलगी म्हणून कोणी शिकवलं नाही, आणि हे मी तुला दर दोन महिन्यांनी ऐकवायचे. तो नावाडी जाकिटं देत होता. तू त्याच्याकडून तेलाचा एक रिकामा डबा मागून घेतलास, धुतलास, झाकण गच्च बसवलंस आणि जाकिटावरून माझ्या पाठीला दोरीने बांधलास. "ही आमची पद्धत आहे," असं त्याला गंभीरपणे सांगितलंस. तो बिचारा मान डोलवत बसला. पंजाबी ड्रेस, नारिंगी जाकीट आणि पाठीवर तेलाचा डबा अशी मी कॅरिबियन समुद्रात उतरले. बाकीचे टुरिस्ट फोटो काढत होते, माशांचे नाही, माझे.

"डोकं पाण्यात घाल आणि डोळे उघडे ठेव. बाकी मी बघतो," तू म्हणालास.

मी डोकं घातलं. आणि मग मला काही सुचेना. खाली अख्खं गाव वसलेलं. मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे प्रवाळाचे दगड, जांभळे पंखे हलताहेत, निळा-हिरवा एक मासा दातांनी कुरूकुरू दगड खातोय आणि त्याचा आवाज पाण्यात मला ऐकू येतोय. तू सबंध वेळ माझं मनगट धरून होतास. वाळूवर एक शार्क पडलेला दिसला तेव्हा मी तुला इतकं घट्ट धरलं की माझ्या बांगडीचा वळ तुझ्या हातावर उठला. तो शार्क माणसाला काही करत नाही म्हणे. वळ मात्र तू घरी येईपर्यंत सगळ्यांना दाखवत होतास, शार्क चावला म्हणून.

जंगलातली ती पहाट आठवते? छपराखाली झोपलो होतो, आणि उजाडता उजाडता असा भयंकर गर्जनेचा आवाज आला की मी उठून तुझ्या खाटेवर येऊन बसले. वाघच! तू पांघरुणातून म्हणालास, "माकड आहे गं ते." माकड इतकं ओरडतं यावर माझा विश्वासच बसेना. मग एमिलिओ, आपला वाटाड्या, हसत आला आणि झाडाच्या शेंड्यावर बसलेलं काळं माकड दाखवलं. तासाभराने त्यानेच चिखलात जग्वारच्या पंजाचा ठसा दाखवला, ताजा. तू गुडघे टेकून त्या पंजाशेजारी स्वतःचा पंजा उमटवलास. पुढे वाटेवर एक साप आडवा आला, तेव्हा एमिलिओने हात पसरून आपल्याला थांबवलं आणि तो जाईपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. हा चावला तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही, असं त्याने अगदी सहज सांगितलं.

आता तूच सांग. तो साप तुला सोडून गेला. जग्वार सोडून गेला, समुद्र सोडून गेला. आणि तू तुझ्या घराच्या दारात, तुझ्याच फावड्याने, तुझाच ड्राइव्हवे साफ करताना पडलास. रविवारी सकाळी. समोरच्या म्हाताऱ्या बाईने खिडकीतून पाहिलं. शरद म्हणतो, हृदय असंच बंद पडतं, थंडीत जोराचं काम केलं की. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. मला कारण नकोय. मला हे पटतच नाहीये, आणि कारण समजलं की पटेल अशी मला भीती वाटते.

देवळांच्या दिवशी आपण नदीपाशी आलो, तर पूल नाही. एक लाकडी तराफा, आणि तो हाताने चक्र फिरवून ओढायचा. तू लगेच बाह्या सरसावल्यास. एमिलिओ चक्र देईना. तू म्हणालास, मी इंजिनियर आहे. तो म्हणाला, आणि मी माया आहे. तू थांबलास. "म्हणजे?" तो म्हणाला, म्हणजे माझी आजी माया, माझी आई माया, आम्ही घरी मायाच बोलतो, लोकांना वाटतं आम्ही संपलो, पण आम्ही इथेच आहोत, तराफा ओढतोय. तू त्याचा हात दोन्ही हातांत धरलास आणि माझ्याकडे वळून म्हणालास, "सुमे, आईला कळव. माया भेटली. मिशा आहेत."

त्या देवळाच्या नावाचा अर्थ दगडाची बाई, हेही त्यानेच सांगितलं. पांढऱ्या कपड्यातली एक बाई पायऱ्यांवर दिसते आणि दगडात नाहीशी होते, अशी तिथली समजूत. तू तेव्हा हसला नाहीस. तुझ्याजवळ एक जाडजूड पुस्तक होतं, शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घातलेलं. प्रत्येक पडक्या भिंतीपाशी ते उघडून बघायचास आणि मला हात लावू द्यायचा नाहीस. घामाचे हात लागतील म्हणे. मला वाटलं, आईने लावलेली शिस्त अजून गेली नाही.

वर चढताना माझी छाती फुटायची वेळ आली. तू मात्र न थांबता चढलास. हे मी शरदलाही सांगितलं, तो इतका चढला, त्याच्या हृदयाला काय झालं होतं मग? वर वारा होता. खाली सगळीकडे जंगल, नजर पोचेल तिथपर्यंत. आणि तिथे मी तुझ्याशी भांडले. किती सुंदर जागा निवडली मी भांडायला! म्हटलं, घरी गेल्या गेल्या आईला लिही, माया म्हणजे हे दगड. ती बिचारी तिकडे साड्या काढून ठेवत असेल. थट्टा पुरे झाली.

तू म्हणालास, "आईला 'जात विचारत नाही' लिहायला बारा वर्षं लागली, सुमे. ते वाक्य थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे."

बारा वर्षांपूर्वी तू इथल्या युनिव्हर्सिटीत होतास आणि तिथल्याच कॅथी नावाच्या मुलीशी लग्न करायचं म्हणत होतास. आईने अन्न सोडलं. तिचा हात थरथरत होता म्हणून पत्र मी लिहिलं. "आईने अन्न सोडलं आहे," हे तिने सांगितलेलं वाक्य. "तुला आई हवी का ती मुलगी, काय ते एकदाचं ठरव," हे माझं. आईने ते सांगितलं नव्हतं. मी बावीस वर्षांची होते, मला वाटलं मी फार शहाणी आहे. तू ठरवलंस. पुन्हा तिचं नाव काढलं नाहीस. पुढे मी लग्न होऊन इकडे आले, तेव्हा विमानतळावर माझ्यासाठी जाड कोट घेऊन उभा होतास, आणि त्या पत्राबद्दल तू मला कधीच, एकदाही, काही बोलला नाहीस.

त्या उंचीवर मला म्हणता आलं असतं, की दादा, ते दुसरं वाक्य माझं होतं, चुकलं माझं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "इकडे बघ, फोटो काढते." तू बघितलंस. क्लिक झालं. ती वेळ गेली आणि आता कधीच येणार नाही.

तो फोटो तू जानेवारीत आईला पाठवलास, काही खुलासा न करता. मग त्या रविवारी सकाळी मी तुला फोन केला. साताऱ्याहून मामींचं पत्र आलं होतं, आई सगळ्यांना पेढे वाटतेय म्हणून. मी चिडले होते. "लाज नाही वाटत तुला? सत्तरीच्या बाईला फसवतोस?" तू मग म्हणालास, "बरं बाई. आज लिहितो. ड्राइव्हवे क्लीन करतो आणि बसतो लिहायला. प्रॉमिस." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. तुला नीट 'ठेवते' सुद्धा म्हटलं नाही.

तुझ्या घरी गेले तेव्हा टेबलावर कोरं एअरोग्रॅम होतं. वर आईचा पत्ता लिहिलेला. आत "ती. आईस," आणि स्वल्पविराम. शेजारी चहाचा कप, अर्धा. मी तो धुतला नाही. शरद धुवायला गेला तर मी त्याच्या अंगावर ओरडले.

आणि ते खाकी कव्हरचं पुस्तक होतं. पलंगापाशी. घामाचे हात पुसून मी ते उघडलं, कव्हर सैल होऊन माझ्या हातात आलं. आतल्या पानावर तिचं नाव. कॅथी हाच विषय शिकत होती, माया, त्यांची देवळं, त्यांचे दगड. हे मला माहीत नव्हतं, कारण तिच्याबद्दल मी तुला काही विचारलंच नव्हतं. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. दगडाच्या बाईच्या देवळाच्या पानावर समासात इंग्रजीत लिहिलंय, आपण आधी इथे जायचं. आणि पुढे देवनागरीत, पहिलीतल्या मुलाने काढावा तसा वाकडा, वरची रेघ द्यायला विसरलेला, 'श्री'. कुणीतरी तिला तुझं नाव लिहायला शिकवलं होतं.

"बरेच दिवस मनात होतं." तुझ्या त्या पत्रातलं हे वाक्य मी किती वेळा आठवून हसले होते!

परवा तुझ्या नावाने आईचं पत्र आलं. तू गेलास त्याच्या आधी टाकलेलं. पोस्टमनने ते इतर पत्रांसारखंच टाकलं. मी फोडलं. "फोटो पोचला. वाळलास. जेवत जा. पायाशी बाईची सावली पडलीये, पदर वाऱ्यावर उडालेला दिसतो. माया ना? लाजून फोटोत आली नसेल. तिला म्हणावं, सावली बघितली, आवडली. आता माणूस बघू दे."

त्यानंतर मी स्वतः फोन लावला. शरदच्या हातात दिला नाही. काल संध्याकाळी इथले सात वाजले होते, तिकडे सकाळ. आई आली. मी सांगून टाकलं, एका दमात, तुझ्यासारखं घडीच्या कडेला काही न ठेवता. माया म्हणून कोणी मुलगी नाही. ते जुन्या लोकांचं नाव आहे. देवळं बघायला गेलो होतो. दादा आज लिहिणार, उद्या लिहिणार म्हणत होता, आणि आई, मी फोनवर तुला 'हो' म्हटलं ते खोटं होतं.

खरखर. मागे देवांच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं.

"मग ती सावली कुणाची?" आई म्हणाली.

"माझी. पदर नव्हता, ओढणी होती."

"म्हणजे तू होतीस त्याच्याबरोबर."

"होते."

"बरं झालं," ती म्हणाली. मग मला वाटलं लाइन गेली. मी हॅलो, हॅलो करत होते. आणि मग दादा, आई म्हणाली, "त्या मुलीला कळवलं का? कॅथरीन ना गं तिचं नाव?"

बारा वर्षांत आपल्या घरात कोणी ते नाव घेतलेलं नाही. आईला ते पाठ होतं. कॅथी सुद्धा नाही, पूर्ण नाव.

मी म्हटलं, "नाही."

"मग कळव. तिला कुणी सांगितलं नसेल. कुठून तरी तिसऱ्याकडून कळेल पोरीला." तेव्हा आई रडली. रडत रडतच म्हणाली, "म्हणावं, श्रीच्या आईने कळवायला सांगितलंय."

तुझी फोनची वही माझ्यासमोर आहे. तिचं नाव आहे त्यात. तीन पत्ते खोडलेत, चौथा लिहिलाय, फोन नंबरासकट, शाई ताजी दिसते. शरद म्हणाला, मी करतो फोन, तुला जमणार नाही. मी म्हटलं, नको. पत्र मी लिहिलं होतं, हेही मीच सांगणार. दोन्ही सांगणार, आधी तुझं, मग माझं.

नंबर फिरवलाय, दादा. रिंग जातेय. बाईचा आवाज आला, हॅलो म्हणाली. मी श्रीकांतची बहीण, असं मी म्हटलं, आणि ती एकदम खुशीत म्हणाली, "सुमी?"

आता मला ते वाक्य म्हणायचंय.